पिंजरा आधी, उंदीर नंतर

दिल्ली, नोएडा, गुडगावच्या फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणं सगळ्यांनाच जमत नाही. मग मुलांच्या हट्टापायी पांढऱ्या उंदरांची जोडी घरी येते. गणपतीच्या पायाशी बसलेला उंदीर चालतो, पण घरात नको, असं म्हणणाऱ्या आजीही चार दिवसांत त्याला पोळीचा तुकडा भरवू लागतात. प्राणी आहेच तसा! हुशार, स्वच्छ आणि चटकन माणसाळणारा. आयुष्य मात्र जेमतेम २-३ वर्षांचं. ते सुखात जाणार की कोंडमाऱ्यात, हे बरंचसं तुम्ही निवडलेल्या पिंजऱ्यावर ठरतं.

नेमकी फसगत इथेच होते. दुकानात दिसतं ते एवढंसं पिल्लू. त्याला पक्ष्याचा पिंजराही ऐसपैस वाटतो. पण पूर्ण वाढलेल्या उंदराचं अंगच ८-९ इंच लांब असतं, शेपटी वेगळी. तेव्हा पिंजरा पिल्लाच्या नव्हे, मोठ्या उंदराच्या मापाने घ्या.

किती मोठा असावा?

हिशोब सोपा आहे. एका उंदरामागे निदान २ घनफूट जागा हवी. पिंजऱ्याची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकार करा आणि २ ने भागा. ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि २ फूट उंच पिंजरा ९ घनफुटांचा होतो. त्यात चार उंदीर मावतील, दोन-तीन मजेत राहतील. उंच पिंजऱ्यात मध्ये फळ्या किंवा जुन्या कापडाची झोळी बांधा, म्हणजे चढताना पडले तरी इजा होणार नाही.

उंदीर एकटा झुरतो, म्हणून दोन ठेवा, पण दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या. नर-मादी एकत्र ठेवले, तर अवघ्या तीन आठवड्यांत १०-१२ पिल्लं होऊ शकतात. मग कुठलाच पिंजरा पुरणार नाही!

हेही पाहून घ्या

* दोन गजांमधलं अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको, पिल्लांसाठी त्याहून कमी.
* तळ जाळीचा नको. पायांना जखमा होतात.
* काचेची पेटी नको. लघवीतला अमोनिया आत साचतो आणि उंदरांना श्वासाचे विकार चटकन होतात.
* चीड किंवा देवदाराचा भुसा घालू नका. त्याचा उग्र वास बाधतो. कागदाचे कपटे उत्तम.
* दार मोठं हवं. हात नीट आत गेला, तरच सफाई होईल.

पिंजरा ठेवाल कुठे?

दिल्लीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही. तिशीपलीकडची उष्णता त्याला सोसत नाही. बाल्कनीत ऊन, लू, शिवाय मांजर, माकड, घार यांची भीती. हिवाळ्यात कडाक्याची थंडी. म्हणून पिंजरा घरातल्या गार, हवेशीर खोलीतच ठेवा, पण कूलरच्या थेट झोतात नको.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. २०१८ च्या नियमांप्रमाणे पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानालाही राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. खरेदीपूर्वी नोंदणीचा दाखला जरूर पाहा.

दुकानात जाण्याआधी मुलांच्या हाती टेप द्या आणि घरातली जागा मोजायला सांगा. ३ फूट जागा निघाली, तर पिंजरा आणा, मांडा, मगच उंदीर आणा. नाही निघाली, तर मुलांना प्रेमाने 'नाही' म्हणा. प्राण्यावर माया करायला हेही शिकावं लागतं.