प्रकाश पोचेल तिथवर

मिथिलीन ब्लू हे निळे रंगद्रव्य पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोजच्या वापरातले आहे. मलेरियाच्या तपासणीसाठी काचपट्टीवर पसरलेले रक्त ज्या मिश्रणांनी रंगवतात, त्यांत ते असते. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांतही माशांच्या बुरशीवरचे औषध म्हणून त्याची बाटली मिळते. १८७६ मध्ये जर्मनीत हाइनरिश कारो यांनी ते कापड रंगवण्यासाठी तयार केले. त्याचे सौम्य द्रावण अंधारात जिवाणूंचे फारसे काही बिघडवत नाही. त्यावर लाल प्रकाश टाकला, की मात्र काही मिनिटांत जिवाणू मरू लागतात. रंगद्रव्य आणि प्रकाश यांच्या जोडीने जंतू मारण्याच्या या पद्धतीला फोटोडायनॅमिक उपचार म्हणतात. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे तिच्याकडे पुन्हा लक्ष वळले आहे. २०१९ या एका वर्षात अशा जिवाणूंच्या संसर्गाने जगात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

या उपचाराला तीन गोष्टी लागतात : रंगद्रव्य, त्याला मानवेल असा प्रकाश आणि प्राणवायू. मिथिलीन ब्लू सर्वाधिक शोषते तो प्रकाश साधारण ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे लाल असतो. लाल भाग शोषला जातो, म्हणूनच ते डोळ्यांना निळे दिसते. प्रकाश शोषलेला रेणू उत्तेजित होतो आणि ती ऊर्जा शेजारच्या प्राणवायूला देतो. त्यातून ‘सिंग्लेट ऑक्सिजन’ हे प्राणवायूचे अतिशय क्रियाशील रूप तयार होते. काही वेळा ऊर्जेऐवजी इलेक्ट्रॉनची देवघेव होते आणि सुपरऑक्साइड, हायड्रॉक्सिल यांसारखे तितकेच विध्वंसक घटक निर्माण होतात. पेशीचे आवरण, प्रथिने, डीएनए यांपैकी जे समोर येईल त्याचे ते ऑक्सिडीकरण करतात. रंगद्रव्य या व्यवहारात लगेच खर्ची पडत नाही. त्याचा एकच रेणू हे चक्र अनेकदा फिरवतो.

सिंग्लेट ऑक्सिजन पाण्यात सेकंदाच्या काही दशलक्षांश भागापुरताच टिकतो. पेशीच्या आतल्या दाटीत त्याचे आयुष्य आणखी घटते आणि जिवाणूच्या लांबीइतके अंतरही तो क्वचितच कापतो. त्यामुळे रंगद्रव्य जिथे चिकटले असेल तिथेच घाव बसतो. या उपचाराचे बरेचसे गुण आणि काही मर्यादा या एका गोष्टीतून येतात.

हा परिणाम प्रथम लक्षात आला तो म्युनिकमध्ये. १८९७-९८ च्या हिवाळ्यात हेर्मान फोन टापायनर यांच्या हाताखाली ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी अ‍ॅक्रिडिन या रसायनाचा पॅरामेशियम या एकपेशीय जीवांवरचा विषारी परिणाम मोजत होता. द्रावण तेच, मात्राही तीच, पण जीव मरायला लागणारा वेळ एका दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी भलताच निघे. फरक होता तो प्रयोगशाळेत पडणाऱ्या उजेडाचा. राबने १९०० मध्ये ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढे टापायनर यांनी प्राणवायूचे महत्त्व दाखवून दिले आणि ‘फोटोडायनॅमिक’ हे नाव दिले. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सन यांना १९०३ चे नोबेल मिळाले, तेही याच काळात. पुढे पेनिसिलीन आले आणि जंतूंसाठी प्रकाशाची आठवण कोणाला राहिली नाही. फोटोडायनॅमिक संशोधन प्रामुख्याने कर्करोगाकडे वळले. १९९० च्या दशकात लंडनच्या ईस्टमन दंत संस्थेत मायकेल विल्सन यांच्यासारख्या संशोधकांनी तोंडातल्या जिवाणूंवर टोलुइडिन ब्लू आणि लेझर वापरून हा विषय पुन्हा हाती घेतला.

सगळे जिवाणू या माऱ्याला सारखे बळी पडत नाहीत. स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंची भिंत जाड असली तरी सच्छिद्र असते, त्यामुळे बहुतेक रंगद्रव्ये आत शिरतात. ई. कोलाय, स्यूडोमोनस यांसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असते आणि त्याच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. ऋणभारित किंवा भाररहित रंगद्रव्ये तिथेच अडतात, धनभारित रंगद्रव्ये मात्र चिकटतात. मिथिलीन ब्लू आणि टोलुइडिन ब्लू धनभारित आहेत, म्हणून ती दोन्ही गटांवर चालतात. माणसाच्या पेशी ही रंगद्रव्ये तुलनेने सावकाश आत घेतात. रंगद्रव्य लावल्यावर थोड्याच वेळात प्रकाश दिला, तर जिवाणू मरतात आणि आसपासच्या ऊतींना कमी इजा होते. काही जिवाणूंना बाहेरून रंगद्रव्य द्यावेही लागत नाही. मुरुमांशी संबंधित क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू स्वतःच पॉर्फिरिन नावाची द्रव्ये बनवतो, त्यामुळे ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश त्याला भोवतो.

प्रतिजैविक साधारणपणे जिवाणूतल्या एखाद्या विशिष्ट लक्ष्यावर काम करते. त्या लक्ष्यात बदल झाला, की औषध निकामी होते. इथे एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव बसत असल्याने एखाद्या उत्परिवर्तनाने सुटका होणे अवघड असते. म्हणून मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस आणि साधा स्टॅफिलोकॉकस या उपचाराने जवळपास सारखेच मरतात. मात्र ‘प्रतिकार अशक्यच’ हा दावा फार पुढचा आहे. काही जिवाणू आत आलेले मिथिलीन ब्लू आपल्या पंपांनी बाहेर फेकतात, हे प्रयोगांत दिसले आहे.

हिरड्यांच्या विकारात ही पद्धत सर्वाधिक रुळली आहे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये तयार झालेली खोल फट दंतवैद्य आधी खरवडून साफ करतो. मग बोथट सुईने तिच्यात रंगद्रव्याचे पातळ द्रावण सोडतो आणि प्रकाश देणारे बारीक टोक आत घालून मिनिटभर उजेड देतो. या जोडउपचाराचा फायदा काही अभ्यासांत दिसतो, पण तो बेताचा असतो आणि खरवडण्याची जागा तो घेत नाही. त्या फटीत प्राणवायू कमी असतो आणि प्राणवायूविना जगणारे जिवाणूच तिथे ठाण मांडून असतात, ही अडचण उपचाराच्या मुळाशीच आहे.

दुसरा उपयोग शस्त्रक्रियेपूर्वीचा. अनेकांच्या नाकपुड्यांत स्टॅफिलोकॉकस वस्तीला असतो आणि तिथून तो जखमेत पोचू शकतो. कॅनडात व्हँकुव्हरच्या सार्वजनिक रुग्णालयात शस्त्रक्रियेआधी रुग्णांच्या नाकात मिथिलीन ब्लू लावून लाल प्रकाश देण्यात आला, जोडीला त्वचा क्लोरहेक्सिडिनने पुसण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जखमेच्या संसर्गाचे प्रमाण २.७ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. तुलना आधीच्या काळातल्या रुग्णांशी होती आणि दोन उपाय एकत्र वापरले होते, त्यामुळे सगळे श्रेय प्रकाशाला देता येत नाही.

डोळ्यांचा अनुभव सावध करणारा आहे. रिबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, आणि अतिनील-अ किरण यांनी बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचा संसर्ग आटोक्यात आणण्याचे प्रयत्न झाले. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बुरशीच्या संसर्गावर नेहमीच्या औषधांना ही जोड दिल्याने फायदा झाला नाही, उलट दृष्टी थोडी कमीच राहिल्याचे आढळले. बशीतल्या जंतूंवर मिळालेले यश रोग्याच्या डोळ्यात मिळेलच असे नाही.

मर्यादा आणखीही आहेत. लाल प्रकाश ऊतींमध्ये काही मिलिमीटर शिरतो, निळा त्याहून कमी. रक्तात पसरलेल्या संसर्गावर किंवा न्यूमोनियावर आजच्या घडीला या पद्धतीचा इलाज नाही. बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती तयार केलेला चिकट थर, रंगद्रव्याला अडवतो. रंगद्रव्य जास्त दाट केले, तर वरचाच थर सगळा प्रकाश गिळतो. दिवा विझला, की मारा थांबतो आणि उरलेले जिवाणू वाढू लागतात. एक कोटी जिवाणूंपैकी ९९.९ टक्के मेले तरी दहा हजार उरतात. अनुकूल स्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होणारा ई. कोलाय साडेतीन तासांच्या आत पुन्हा कोटीवर जातो. म्हणून ‘९९.९ टक्के’ हा आकडा ऐकायला मोठा असला तरी जंतुनाशकाच्या बाबतीत तो जेमतेम उत्तीर्ण होण्याचा आहे.

भारतात या विषयाला आणखी दोन नावे जोडली जातात. हळदीतले कर्क्युमिन निळा प्रकाश शोषते आणि प्रयोगशाळेत जिवाणू मारते, पण ते पाण्यात नीट विरघळत नाही आणि उजेडात लवकर विघटित होते. हळद लावून उन्हात बसणे म्हणजे हा उपचार नव्हे. बावचीतले सोरालेन कोडावर वापरतात, पण ते अतिनील किरणांच्या मदतीने मुख्यतः थेट डीएनएला चिकटते आणि त्यासाठी प्राणवायूची गरज नसते. यंत्रणाच वेगळी असल्याने सोरालेन आणि फोटोडायनॅमिक उपचार एका पंगतीत बसवणे चूक आहे.

फोटोडायनॅमिक उपचार प्रतिजैविकांना पर्याय म्हणून मांडला, की निराशा ठरलेली आहे. त्याची जागा जंतुनाशकांच्या रांगेत आहे : तोंड, नाक, त्वचा, उघडी जखम, म्हणजे जिथे प्रकाश पोचतो आणि रंगद्रव्य लावता येते अशा ठिकाणी. अशा प्रत्येक जागी प्रतिजैविकाचा एखादा कोर्स वाचला, तरी फायदा मोठा आहे. मिथिलीन ब्लू स्वस्त आहे, लाल एलईडीही महाग नाहीत, त्यामुळे जिल्हा रुग्णालयांतही हे शक्य आहे. त्याआधी हवी ती आपल्याकडच्या रुग्णांवरची, तुलनेचा गट असलेली चाचणी. आणि ‘लेझरने जंतू मारतो’ अशी पाटी दिसली, तर रुग्णाने तीन प्रश्न विचारावेत : रंगद्रव्य कोणते, प्रकाश कोणता आणि नेहमीच्या उपचारापेक्षा यात जास्तीचे काय मिळणार?