दहा बाय बाराच्या खोलीतला कॅमेरा

साठ-सत्तरच्या दशकातला कुठल्याही मराठी घरातला अल्बम उघडला, की एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. सगळं कुटुंब घराबाहेर उभं असतं. अंगणात, गच्चीवर, तुळशीवृंदावनाशेजारी, नाहीतर वाड्याच्या पायरीवर. उन्हाने सगळ्यांचे डोळे बारीक झालेले. आजी वाती वळतेय, आई भाकरी थापतेय, एखादं पोर झोपाळ्यावर आडवं होऊन गोष्ट ऐकतंय, असा फोटो शोधूनही सापडत नाही. त्या काळी माणसं घरात राहत नव्हती, असं थोडंच आहे! कॅमेऱ्याला घरातलं दिसत नव्हतं, एवढंच.

तो कॅमेरा पुष्कळ घरांत आग्फाचा ‘क्लिक थ्री’ असायचा. बडोद्यात तयार होणारा, १२० चा रोल घेणारा, रोलमध्ये बारा फोटो देणारा. फोकस करायची भानगड नाही, शटरचा वेग ठरलेला, अ‍ॅपर्चरच्या खुणा इनमीन दोन-तीन: ऊन असेल तर ही, ढग असतील तर ती. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बखाली त्याने फोटो काढणं म्हणजे रोल फुकट घालवणं. म्हणून फोटोची हौस असलेले काका सगळ्यांना हाकारून उन्हात आणत. जी मंडळी हातातलं काम टाकून बाहेर येऊ शकत नसत, ती फोटोतही येत नसत. जुन्या अल्बममध्ये घरच्या बायका कमी आणि आल्याच तर नवी साडी नेसून अवघडलेल्या दिसतात, त्यात त्या काळच्या रीतीभातींइतकाच या कॅमेऱ्याचाही हात आहे. पुढे याशिका एमएफ-टूसारखे फ्लॅश असलेले कॅमेरे आले तेव्हा माणसं एकदाची घरात आली. पण लाल डोळ्यांनी, आणि मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली पाडून.

आता खिशात फोन आहे, आणि फोनमधल्या कॅमेऱ्याचं मूळच मुळी घरगुती आहे. ११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझमध्ये फिलिप कान नावाचा उद्योजक बायकोच्या बाळंतपणासाठी हॉस्पिटलात थांबला होता. रिकाम्या वेळात त्याने कॅसिओचा छोटा डिजिटल कॅमेरा, मोबाइल आणि लॅपटॉप एकमेकांना जोडले, आणि मुलगी झाल्यावर तिचा फोटो तिथूनच दोन हजारांच्या आसपास ओळखीच्यांना पाठवला. कॅमेराफोनची गोष्ट सांगणारे बहुतेक जण या फोटोपासून सुरुवात करतात. बारशाच्या आधीच गावभर फोटो फिरवण्याची परंपरा तिथूनच आली म्हणायची.

त्यामुळे घरच्या फोटोंसाठी वेगळा कॅमेरा घ्यावा का, या प्रश्नाचं पहिलं प्रामाणिक उत्तर ‘बहुधा नको’ असंच आहे. दिवसा, खिडकीजवळ, स्थिर बसलेल्या माणसाचा फोटो आजचा मध्यम किमतीचा फोनही झकास काढतो. दुकानदार हे सांगणार नाही. फोन अडतो तो दोन ठिकाणी. संध्याकाळी कमी उजेडात तो एकामागोमाग अनेक फ्रेम घेतो आणि त्या जुळवून एक फोटो बनवतो. तेवढ्या वेळात दोन वर्षांचं पोर सोफ्यावरून टीपॉयवर पोचलेलं असतं आणि फोटोत त्याचा नुसता धूर दिसतो. दुसरं म्हणजे मुख्य लेन्स फार रुंद बघणारी असल्याने लोक फोन तोंडाजवळ नेतात. हातभर अंतरावरून काढलेल्या चेहऱ्यात नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. या दुसऱ्या दुखण्याला खर्च नाही. दोन पावलं मागे जावं आणि ‘दोन एक्स’ दाबावं.

पहिल्या दुखण्यावर मात्र पैसे मोजावे लागतात, आणि नेमके तिथेच ते चुकीच्या ठिकाणी जातात. घरात बाळ येणार म्हटलं की जोडपं दुकानात जातं आणि दोन लेन्स, बॅग आणि मेमरी कार्ड असं ‘कॉम्बो’ घेऊन बाहेर पडतं. त्यातली लांब झूम लेन्स राणीच्या बागेतल्या पेंग्विनसाठी एकदा निघते आणि मग कपाटात जाते. खरेदीला निघण्याआधी कॅटलॉग वाचण्यापेक्षा घरात टेप लावून हॉल मोजावा, हे सदर लिहिणाऱ्याचं ठाम मत आहे.

कारण सगळं गणित तिथे आहे. मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमधल्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवून उभं राहिलं, तरी समोरचा माणूस फार तर दहा फुटांवर असतो. यूट्यूबवर बहुतेक जण पहिली लेन्स म्हणून ५० मिलिमीटर, एफ १.८ सुचवतात. लेन्स उत्तमच आहे. कॅननची २०१५ साली आलेली ही लेन्स भरते जेमतेम १६० ग्रॅम. पण ती एपीएस-सी, म्हणजे बहुतेक घरगुती डीएसएलआरमध्ये असतो त्या आकाराच्या, सेन्सरच्या कॅननवर चढवली, की दहा फुटांवरून साडेचार फुटांहून कमी रुंदीचा तुकडा दिसतो. आजीच्या मांडीवरचं नातवंड येईल, शेजारी बसलेले आजोबा मात्र अर्धे कापले जातील. मग फोटो काढणारा हळूहळू मागे सरकत बाल्कनीत जातो. त्याच कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची, एफ २.८ ची चपटी लेन्स लावली तर नऊ फुटांहून जास्त दिसतं. वजन १२५ ग्रॅम आणि जाडी जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. निकॉनच्या मिररलेस एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठी २०२३ साली आलेली २४ मिलिमीटर एफ १.७ ही लेन्स जवळजवळ दहा फूट दाखवते आणि उजेडही बक्कळ आत घेते. ५० ची लेन्स घ्यायचीच असेल, तर ती मोठ्या घरासाठी, किंवा गावच्या ओसरीसाठी.

आता उजेडाकडे. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत घरोघरी बोरन्हाण होतं. कॅमेऱ्याची याहून कडक परीक्षा क्वचितच असेल. बाळ पाटावर बसलेलं, अंगात काळं झबलं, त्यावर हलव्याचे पांढरे दागिने. वरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या पडतात, आणि पडायच्या आत आजूबाजूची पोरं झडप घालतात. वेळ संध्याकाळची, उजेड ट्यूबलाइटचा. डोक्यावर फूटभर उंचीवरून सुटलेलं बोर डोक्यापाशी येईतो सेकंदाला सुमारे अडीच मीटर वेगाने चाललेलं असतं. शटर एक साठांश सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात ते चार सेंटिमीटर सरकतं, आणि फोटोत बोराच्या जागी तपकिरी रेघ उमटते. एक पाचशेअंश सेकंदात ते अर्धा सेंटिमीटरच हलतं आणि बोरासारखं दिसतं. पण एवढं झटपट शटर मारायला उजेड हवा. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ वर येते, एफ १.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दसपट उजेड आत घेते. बऱ्यापैकी उजळ हॉलमध्ये आयएसओ ३२०० ठेवला, तर एफ १.८ ला पाचशेअंशाचा वेग मिळू शकतो. किट लेन्सला पन्नासांशाच्या आसपासच थांबावं लागतं.

त्यात काळ्या झबल्याचा वेगळा चकवा. समोर जे आहे ते मध्यम उजेडाचंच असणार, असं कॅमेऱ्याचं मीटर धरून चालतं. फ्रेमभर काळं दिसलं की ते फोटो उजळवायला जातं, झबलं राखाडी होतं आणि हलव्याचा काटा पांढऱ्या डागात विरून जातो. एवढी मेहनत घेऊन परतलेला हलवा, आणि फोटोत साबुदाणा! एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं बटण वजा पाऊण-एकच्या आसपास आणलं, की काटा परत दिसू लागतो. फोनवरही बोटाने हलव्यावर टॅप करून उजेडाची पट्टी खाली ओढली, तर तेच काम होतं.

ट्यूबलाइटची एक खोड माहीत असावी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूब आणि पुष्कळ स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर फार जलद असलं तर एक फोटो पिवळट, पुढचा काळपट असा खेळ चालतो, आणि आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर फोटोवर आडवे पट्टे पडतात. शंभरांश किंवा पन्नासांश वेगाला हा त्रास जवळजवळ संपतो, पण तिथे बोराची रेघ होते. हल्लीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ‘अँटी-फ्लिकर’ची सोय असते. दुकानात सेन्सरच्या मेगापिक्सेलऐवजी तिची चौकशी केलेली बरी.

दुसरा उपाय म्हणजे डोकं वळवता येणारा छोटा फ्लॅश. तो बाळाच्या तोंडावर न मारता पांढऱ्या छताकडे वळवायचा. उजेड छतावरून पसरून खाली येतो, डोळे लाल होत नाहीत आणि हालचाल गोठते. फक्त छत पांढरं हवं. पिस्ता रंगाच्या खोलीत सगळं खानदान काविळीतून उठल्यासारखं दिसतं.

कॅमेरा किती चांगला, याच्या आधी तो कुठे ठेवलेला असतो हे विचारायला हवं. फ्रान्सच्या जाक आंरी लार्तिगचं उदाहरण इथे घेण्याजोगं आहे. १८९४ साली सधन घरात जन्मलेल्या या मुलाला सात-आठ वर्षांचा असताना वडिलांनी कॅमेरा दिला. लाकडी, काचेच्या प्लेटचा, तिकाटण्यावर चढवायचा. लवकरच त्याच्याकडे हातात धरता येणारे कॅमेरे आले आणि त्याच्या फोटोतली माणसं अक्षरशः उडायला लागली. १९०५ च्या सुमारास जिन्यावरून झेप घेणारी त्याची नात्यातली बहीण आजही हवेतच आहे. भावाचे विमानाचे खटाटोप, कुत्री, आंघोळीचा टब, सगळं त्याने टिपलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६३ साली हे फोटो मांडले तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. पैसा बापाचा होता हे खरंच, पण श्रीमंतांच्या घरी कॅमेरे त्या काळीही पुष्कळ होते. या पोराचा कॅमेरा घरभर त्याच्याबरोबर फिरत होता.

या हिशेबाने छोटे, न बदलता येणाऱ्या लेन्सचे कॅमेरे घराला सर्वांत शोभतात. रिको जीआर थ्री बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅमचा, पँटच्या खिशात जाणारा, आणि आत सेन्सर डीएसएलआरएवढा. अंधारात त्याचा फोकस जरा चाचपडतो, ही उणीव. फुजीफिल्मचा एक्स१०० व्हीआय याहून देखणा आणि चपळ, पण २०२४ साली आला तोच प्रतीक्षायादी घेऊन, आणि किंमत लाखाच्या बरीच वर. एवढ्यात जुनी बॉडी, चांगली लेन्स, फ्लॅश आणि पाच वर्षांचे प्रिंट्स होतात. त्याची हौस असेल तर जरूर घ्यावा. गरज म्हणून मात्र नको.

जुन्या बॉडीचं म्हणाल तर हे दिवस चांगले आहेत. कंपन्या मिररलेसकडे वळल्या आणि धडधाकट डीएसएलआर स्वस्तात विकायला निघाले. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात चक्कर मारावी, पण आंधळेपणाने व्यवहार करू नये. शटर किती वेळा पडलंय ते विचारावं, लेन्स काढून तिच्यातून टॉर्च मारून बुरशीची जाळी दिसते का ते बघावं. निकॉनमध्ये एक खाचखळगा आहे: डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुनी ‘डी’ लेन्स त्यावर बसते, पण आपोआप फोकस करत नाही. धावणाऱ्या पोरामागे हाताने फोकस फिरवत बसायचं नसेल, तर त्या बॉडीवर नावात ‘जी’ असलेली एएफ-एस लेन्सच घ्यावी.

बुरशीचा विषय निघालाच आहे, तर कोकण-मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात कॅमेऱ्याचा खरा वैरी तीच. कॅमेरा चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात साड्यांखाली ठेवण्याची जुनी पद्धत तिला फार मानवते. चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यात काम भागतं. रंग बदललेले दाणे तापवून पुन्हा वापरता येतात, फक्त स्वयंपाकाच्या कढईत नकोत, कारण निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं. मात्र बुरशीवरचा सर्वांत चांगला उतारा म्हणजे कॅमेरा वापरात ठेवणं. चार्ज केलेला, लेन्स लावलेला कॅमेरा हॉलमध्ये हाताशी हवा, आणि तो दहा वर्षांच्या मुलीपासून आजोबांपर्यंत कुणीही उचलावा अशी मुभा हवी. नाहीतर सगळ्या अल्बममध्ये आई नाहीतर बाबा, जो कोणी फोटोग्राफर असेल तो, गैरहजर.

मेगापिक्सेलची भीती मात्र सोडून द्यावी. फोर बाय सिक्सच्या चांगल्या प्रिंटला १२०० गुणिले १८०० म्हणजे २१ लाख ६० हजार पिक्सेल पुरतात. आठ बाय बाराला साडेशहाऐंशी लाखही लागत नाहीत. पंधरा वर्षांपूर्वीचा डीएसएलआरही हे सहज देतो. लॅबला फाइल देताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नये, ते त्याला आवळून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, किंवा पेनड्राइव्ह न्यावा. आणि प्रिंट हातात आले की मागे नावं लिहावीत. बॉलपेनने दाबून लिहिलं तर अक्षर पुढून उठतं, म्हणून हलक्या हाताने, कडेला. पूर्ण नाव, गाव, साल. नुसतं ‘काकू’ लिहून ठेवलं, तर चार काकू असलेल्या घरात पुढे वाद ठरलेला.