अर्जही आयुक्तांचा, निकालही आयुक्तांचा

महापालिका आयुक्तांना वृक्ष प्राधिकरणाच्या अध्यक्षपदावरून हटवा, ही माझी मागणी आहे. आयुक्त चांगले की वाईट, कार्यक्षम की आळशी, याच्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. उद्या एखादा निसर्गप्रेमी आयुक्त आला तरी मी हेच म्हणेन.

आपल्या शहरांतल्या झाडांसाठी एक कायदा आहे: महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975. या कायद्याने प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण नेमले आणि त्याला भरभक्कम अधिकार दिले. त्याच्या परवानगीशिवाय तुम्ही स्वतःच्या बंगल्याच्या आवारातला आंबासुद्धा तोडू शकत नाही. सरकारी खात्यालाही तीच अट आहे. परवानगी मागणारा अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्याने जागेवर जाऊन झाड पाहायचे, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, झाडावर नोटीस डकवायची, लोकांच्या हरकती मागवायच्या आणि मगच प्राधिकरणाने निर्णय घ्यायचा. परवानगी दिली तरी पंधरा दिवस कुऱ्हाड लावायची नाही. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची, रोपवाटिका चालवायच्या, हेही काम प्राधिकरणाचेच. ‘नाही’ म्हणण्याचा इतका स्पष्ट अधिकार शहरातल्या फार थोड्या संस्थांकडे आहे.

आणि या प्राधिकरणाचा अध्यक्ष कोण? महापालिका आयुक्त.

आता शहरात झाडे तोडायची परवानगी कोण मागते ते पाहा. रस्ता रुंद करायचा असतो रस्ते विभागाला, उड्डाणपूल हवा असतो पूल विभागाला, नाल्याला भिंत घालायची असते पर्जन्यजल विभागाला, बागेत काँक्रीटचा ट्रॅक किंवा कारंजे बसवायचे असते उद्यान विभागाला. हे सगळे विभाग आयुक्तांच्या हाताखाली. प्रकल्पाला मंजुरी त्यांची, ठेकेदाराला कार्यादेश त्यांच्या प्रशासनाचा, मुदतीत काम झाले नाही तर मंत्रालयातून फोन येणार तोही त्यांनाच. झाडाची पाहणी करून अहवाल लिहिणाऱ्या वृक्ष अधिकाऱ्याची बदली-बढतीही त्याच प्रशासनाच्या हाती. म्हणजे अर्जदार, तपासणी अधिकारी आणि निकाल देणारा, सारे एकाच इमारतीतले आणि एकाच साहेबाचे. स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व कायद्याचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. झाडांच्या बाबतीत मात्र आपण ते अर्धशतक गुंडाळून ठेवले आहे.

हरकतींच्या सुनावणीला मी गेलो आहे. कोणत्या शहरात ते सांगत नाही, कारण हे चित्र एका शहरापुरते नाही. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्यापुढे कामाचा नकाशा पसरलेला, ठेकेदार नेमलेला, खोदाईची तारीख ठरलेली. लोक पोटतिडकीने सांगत होते की रस्ता चार फूट सरकवला तर पिंपळ वाचतो. उत्तर एकच मिळत होते: ‘तुमचे म्हणणे नोंदवून घेतले आहे.’ नोंदवून घेणे म्हणजे ऐकणे नव्हे. कायद्याने हरकत मागवली ती विचारात घेण्यासाठी, फाइलीत टाचण्यासाठी नव्हे.

मुंबईतल्या आरे वसाहतीचे उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ते पुन्हा उगाळलेच पाहिजे. 29 ऑगस्ट 2019 रोजी मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणाने मेट्रो-3 च्या कारशेडसाठी 2,185 झाडे तोडायला आणि 461 झाडे पुनर्रोपित करायला मंजुरी दिली. हरकती हजारोंनी आल्या होत्या. 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री, अंधारात, पोलिस बंदोबस्तात करवती सुरू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर 2,141 झाडे आडवी झाली होती. ज्या संस्थेचे काम झाडे राखणे, तिच्याच मंजुरीने हे झाले. मला राग मेट्रोचा नाही. मेट्रो हवीच. मला राग आहे तो पर्यायी जागा कोणत्या तपासल्या, त्या का नाकारल्या, हे खडसावून विचारण्याचा अधिकार असलेली संस्था ती ताकद न वापरता मान डोलावते, याचा.

पुढचा भाग तर याहून संतापजनक आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो कंपनीला आरेतल्या 84 झाडांसाठी प्राधिकरणाकडे जायला मुभा दिली. प्राधिकरणाकडून परवानगी किती झाडांची निघाली? 177. एप्रिल 2023 मध्ये न्यायालयाने मेट्रो कंपनीला 10 लाखांचा दंड केला, कारण न्यायालयाने घालून दिलेला आकडा ओलांडून ती परस्पर प्राधिकरणाकडे गेली होती. पण मग ती 177 ची परवानगी देणाऱ्या टेबलाचे काय? देशातल्या सर्वोच्च न्यायालयाचा 84 हा आकडा समोर असताना त्या टेबलावरच्या एकालाही ‘थांबा’ म्हणावेसे वाटले नाही. आणि हे ज्या काळात घडले त्या काळात मुंबईत नगरसेवकच नव्हते. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे आयुक्त हेच प्रशासक होते. विरोध नोंदवायला लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस तिथे नव्हता.

कायद्यातल्या दुरुस्त्याही पाहा. मध्यंतरी 25 पर्यंत झाडांचा निर्णय आयुक्तांनी एकट्यानेच घ्यावा, अशी तरतूद घालण्यात आली. तिला उच्च न्यायालयात आव्हान द्यावे लागले. शंभर झाडांच्या प्रस्तावाचे चार तुकडे केले की प्राधिकरणाची बैठकही नको, एवढे साधे गणित मंत्रालयात कोणाला सुचले नसेल, यावर माझा विश्वास नाही. 2021 ची दुरुस्ती दिसायला बरी आहे. पन्नास वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावायची अट आली. पण साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात शहराच्या वेशीवर लावलेली साठ रोपे त्या गल्लीतल्या भाजीवालीला सावली देत नाहीत. ती सावली गेली ती गेलीच.

कोणी म्हणेल, महापालिकेची बाग, महापालिकेचे झाड, मालकाने काय करावे हे तुम्ही कोण सांगणार? हा मालकीचा दावाच खोटा आहे. लखनौच्या अमीनाबादेत झंडेवाला पार्कखाली तिथल्या महापालिकेने भूमिगत बाजार बांधायला दिला होता. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बांधकाम पाडून बाग पूर्ववत करायला लावली. महापालिका बागेची विश्वस्त आहे, धनी नव्हे, हीच त्या निकालामागची भूमिका. त्याआधी 1991 मध्ये बंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला देण्याचा निर्णयही असाच रद्द झाला होता, आणि तो निर्णय तर खुद्द मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून झाला होता.

म्हणून आता अध्यक्ष आयुक्त नको. निवृत्त न्यायाधीश किंवा वनस्पतिशास्त्राचा जाणकार असावा आणि त्याची नेमणूक महापालिकेच्या हाती नसावी. वृक्ष अधिकारी प्राधिकरणाला उत्तरदायी असावा, आयुक्तांना नाही. प्रत्येक हरकतीला लेखी, कारणासहित उत्तर मिळावे आणि पर्यायी आराखडा तपासल्याचा पुरावा नसेल तर अर्ज दारातूनच परत जावा. यासाठी विधिमंडळाने कायद्यातली काही कलमे बदलायची आहेत, एवढेच. ती बदलेपर्यंत निवडून आलेल्या नगरसेवकांनी प्राधिकरणाच्या बैठकीत आपले मत नावानिशी इतिवृत्तात नोंदवावे, आणि ते इतिवृत्त मागून घेऊन प्रभागातल्या प्रत्येक चौकात लावण्याचे काम आपण करावे.