घुमण्याचे सोवळे

आमच्या रत्नागिरीकडील ख्रिस्ती मंडळींत एक नवे सोवळे शिरले आहे. ‘प्रभूची स्तुती मंदिरात घुमो’ असे म्हणू नये, ‘गुंजो’ म्हणावे; कारण अंगात आलेला माणूस घुमतो, सबब तो शब्द वेदीपाशी शोभत नाही, असे आम्हांस ऐकविण्यात येते.

हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. अंगात आलेला घुमतो हे खरे. पण वळचणीचा पारवाही घुमतो, शिमग्याचा ढोल घुमतो, आणि गोव्यात मांडो गाणाऱ्या ख्रिस्ती घरांतून मातीचे घुमटही घुमते. पोकळीत भरून राहणारा खर्जातला नाद, तो घुमणे. उंच छपराखाली शंभर कंठ एकत्र उठले की नेमके हेच घडते. गुंजारव भुंग्याचा! त्याला प्रतिध्वनीचा अर्थ चिकटला तो हिंदीच्या संगतीने. (याच संगतीने आमची मुले हल्ली बाजारात ‘घुमून’ येतात, ती पारवे थोडीच आहेत?)

शब्द विटाळतो म्हणावे, तर फादर स्टीफन्सनी १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. त्यांची श्रद्धा त्याने उणावली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाव दिला. ती लोकभाषा घरात, शेतात बोलली जाणारी. सिनेगीतांतून उसनी आणलेली नव्हे.

येत्या नाताळात गायकवृंदाने ‘घुमो’ असेच गावे. ज्यांना फारच खटकेल त्यांनी ‘दुमदुमो’ म्हणावे. तेही आपलेच आहे.