आवाज वाढवू नका, कर्ण्याची दिशा बदला

भोंग्यांचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. २०२२ मध्ये तो राजकीय सभांमधून तापवला गेला. २३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्यातील नेहरूनगरच्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल दिला. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. या साऱ्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र राहून जातो. स्पीकर ज्यांच्यासाठी लावला, त्यांना तरी नीट ऐकू येते का?

आपल्या बीड जिल्ह्यात ईदगाह असो, इज्तेमाचे मैदान असो की सीरतचा जलसा, चित्र बहुधा सारखेच असते. पुढच्या सफेतील वडीलधाऱ्यांच्या कानठळ्या बसतात आणि शेवटच्या सफेत खुतब्याचा शब्द कळत नाही. पडद्यामागे बसलेल्या बहिणींना तर नुसती घरघर ऐकू येते. मग कुणीतरी उठतो आणि मशीनचे बटण आणखी फिरवतो. आवाज वाढतो, पण समजत काहीच नाही. त्रास होतो तो पलीकडच्या गल्लीतल्या आजाऱ्याला आणि परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीला.

याचे कारण समजून घेऊ. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. कर्ण्यापासून ४ मीटरवर ९४ डेसिबल असेल, तर ६४ मीटरवर ७० उरतो. एकाच कर्ण्यावर सगळे मैदान ऐकवायचे म्हणजे पुढच्यांचे कान फोडणे आलेच. शिवाय मशीनची ताकद दुप्पट केली तरी फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणून मोठे मशीन घेऊन हा प्रश्न सुटत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. मिनार उंच बांधले गेले तेव्हा मुअज्जिनच्या गळ्याशिवाय दुसरे साधन नव्हते. त्याच उंचीवर आडवा बांधलेला कर्णा आवाज अंगणातल्या माणसांच्या डोक्यावरून थेट पुढच्या मोहल्ल्यात फेकतो.

उपाय अवघड नाही. एका मोठ्या कर्ण्याऐवजी अनेक छोटे कॉलम स्पीकर लावा. ते ३-४ मीटर उंचीवर, दर १५ मीटरला एक असे ठेवा. तोंड किंचित खाली झुकवा आणि नेम त्या स्पीकरच्या हद्दीतल्या सर्वांत मागच्या माणसावर धरा. जवळची माणसे आपोआप आवाजाच्या कडेला येतात आणि सर्वांना जवळपास सारखे ऐकू येते. सगळ्या स्पीकरची तोंडे एकाच दिशेला, पुढून मागे ठेवा. समोरासमोर लावले की घुमते, कारण आवाजाला ३५ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि तोच शब्द दोनदा कानावर पडतो. मैदान फार लांब असेल तर साऊंडवाल्याकडून मागच्या स्पीकरना डिले लावून घ्या. माइक नेहमी स्पीकरच्या मागे ठेवा, म्हणजे शिट्टी वाजणार नाही.

कायद्याचे गणितही इथेच सुटते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. स्पीकर लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल तेवढाच आवाज चालतो. म्हणजे दिवसा निवासी भागात हद्दीवर ६५. मोजमाप हद्दीवर होते, म्हणून स्पीकरचे तोंड आत की बाहेर, यावर बरेच काही ठरते. रात्री १० ते सकाळी ६ बाहेरच्या स्पीकरला मनाई आहे, पण बंद जागेत आतल्या लोकांपुरता तो चालतो. फजरची वेळ बहुतेक दिवस ६ च्या आधीची असते, हे ध्यानात ठेवा. रात्री आणि पहाटे जमिनीलगतची हवा थंड असते, त्यामुळे आवाज खाली वळून दूरवर जातो. जोहरला ठेवलेले बटण इशाला तसेच ठेवणे म्हणूनच चूक आहे.

‘नियम फक्त आम्हालाच का? डीजेचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे. नियम सर्वांना सारखा लागू व्हावा, ही मागणी आपण लेखी आणि ठामपणे करत राहिले पाहिजे. पण शेजाऱ्याचा हक्क हा हुकूकुल-इबादचा भाग आहे. दुसरा पाळतो की नाही, हे पाहून तो पाळायचा नसतो.

तरुण मित्रांनो, हे काम मुतवल्ली साहेबांवर किंवा साऊंडवाल्यावर सोडू नका. पुढच्या ईदच्या आदल्या दिवशी चौघे जण मैदानात जा. एकाने माइकवर बोलावे, बाकीच्यांनी मोबाइलवरचे डेसिबल ॲप घेऊन पहिल्या सफेपासून शेवटपर्यंत आणि मग हद्दीबाहेर फिरावे. मोबाइलचा आकडा तंतोतंत नसतो, पण पुढे-मागे किती फरक पडतो हे त्यावरून कळते. तो ६ डेसिबलच्या आत येईपर्यंत स्पीकर हलवा. शेजारच्या गावात सप्ताहाचा मंडप पडला आणि तिथल्या मुलांनी विचारले, तर त्यांनाही हे शिकवा. खुतबा शेवटच्या माणसाला समजावा आणि शेजाऱ्याची झोप मोडू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतात. त्यासाठी एक शिडी, एक पाना आणि एक संध्याकाळ पुरते.