वीस अक्षरांतला मंत्र

व्हिडिओ गेम म्हटला की आपण 'वेळेचा अपव्यय' असे म्हणून मोकळे होतो. पण वाचकहो, जुन्या जपानी गेमपैकी काही चक्क वाचण्यासारखे आहेत, असे साहित्य शिकवणारा माणूस म्हणून मी म्हणेन.

१९८६ साली जपानच्या एनिक्स कंपनीने 'ड्रॅगन क्वेस्ट' काढला. लेखक युजी होरी, मूळचे मासिकांत लिहिणारे. कथा म्हणाल तर आजीच्या गोष्टीतली : पळवलेली राजकन्या, दुष्ट राजा आणि तलवार घेऊन निघालेला वीर. पण सगळा गेम बसवायचा होता ६४ किलोबाइटमध्ये. आज मोबाईलवर काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट जागा खातो! चित्रे, नकाशे, संगीत घातल्यावर अक्षरांना जागा उरेना. जपानीत काताकाना म्हणून एक लिपी आहे, आपल्या बाराखडीसारखी अक्षरागणिक उच्चार असलेली. तिच्यातली जेमतेम वीस अक्षरे होरींनी घेतली आणि राक्षसांची, मंत्रांची नावे तेवढ्यातून घडवली. जखम बरी करणाऱ्या मंत्राचे नाव ठेवले 'होइमी'. शब्दकोशात नसलेला शब्द, पण एकदा ऐकला की जिभेवर बसतो.

या शब्दाचे खरे मोल कळते ते १९९२ च्या पाचव्या भागात. नायक सहा वर्षांचा पोर, बापाचे बोट धरून गावोगाव हिंडणारा. वाटेत लढाई होते, पोराला लागते, आणि ती संपली की बाप स्वतःहून त्याच्यावर 'होइमी' म्हणतो. संवाद नाही, उपदेश नाही. खेळणाऱ्याला त्याची सवय होऊन जाते. पुढे शत्रू पोराच्या गळ्याला पाते लावतात आणि एवढा बलदंड बाप हात न उचलता मार खात मरतो. त्या वेळी आपण कुठलेही बटण दाबून उपयोग नसतो. मग पोराची दहा वर्षे गुलामीत जातात. सुटून बाहेर पडल्यावर लढाई संपते, लागलेले असते, आणि कोणी काही म्हणत नाही. ही उणीव लेखकाने एका शब्दानेही सांगितलेली नाही. माझ्या मते चांगले लिहिणे ते हेच.

म्हणूनच हा खेळ पुनःपुन्हा नव्या यंत्रांवर निघत राहिला. इंग्रजीत मात्र तो अधिकृतपणे यायला २००९ उजाडले, आणि तिथे 'होइमी'चे साधे 'हील' झाले. अर्थ बरोबर आहे, तक्रार करायला जागा नाही. पण घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना यातली मेख लगेच कळावी. पडलेल्या नातवाच्या गुडघ्यावर फुंकर घालताना मराठी आजी जे पुटपुटते त्याचे कानडी करून पाहा, किंवा कानडी अज्जीचे मराठी!