पंप घ्यायच्या आधी बॅटरीकडे बघा



आज कीड-रोगाचा सल्ला नाही. मागच्या बैठकीत निघालेल्या एका विषयावर माझं मत लिहितोय. मोठा मेसेज आहे, पण पैशाचा विषय आहे म्हणून शेवटपर्यंत वाचा.

खरीप तोंडावर आलाय. कंपनीने एकत्र खरेदी करून सभासदांना बॅटरीचे फवारणी पंप, मोसंबीची सल काढायच्या बॅटरी कात्र्या आणि ड्रिल मशीन स्वस्तात द्यावं, अशी सूचना आली. एकत्र खरेदी चांगलीच. पण "सगळ्यात कमी भाव देईल त्याचा माल" ही अट मला पटत नाही. आपण भाव यंत्राचा विचारतोय, पैसे बुडतात ते बॅटरीत.

आमच्या घरचंच सांगतो. वडिलांनी पंप घेतला तेव्हा एका चार्जिंगवर एकरभर कपाशी फवारून व्हायची. एकराला २०० लिटर पाणी धरलं तर १६ लिटरच्या साडेबारा टाक्या झाल्या. दुसऱ्या वर्षी पाचव्या टाकीलाच पंप रडायला लागला. दोन दिवसांची उघडीप होती. निम्मं रान फवारलं, निम्मं राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी पाऊस आला. दुकानदार म्हणाला, "मोटर गेली, नवीनच घ्या." मी घरी खोलून मीटर लावलं तर मोटर ठणठणीत, बॅटरी मेलेली. पंप डिसेंबरपासून जूनपर्यंत रिकाम्या बॅटरीसकट गोठ्यात टांगलेला होता.

आपल्याकडच्या बऱ्याच पंपांत १२ व्होल्ट, ८ एएचची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. ही बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली की आतल्या शिशाच्या पाट्यांवर सल्फेटचा थर कडक होतो. मग चार्जरचा हिरवा दिवा लवकर लागतो, पण बॅटरीच्या पोटात काही राहत नाही. नीट वापरली तर अशी बॅटरी साधारण २००-३०० वेळा चार्ज होते. वर्षात आपण पंप ४०-५० दिवस चालवत असू. हिशोबाने चार-पाच वर्षं जायला पाहिजे. आपली दुसऱ्याच हंगामात जाते. म्हणजे ती कामाने झिजत नाही, पडून मरते.

२०२४ मध्ये महाडीबीटीवर कापूस-सोयाबीनच्या योजनेतून १०० टक्के अनुदानावर पंपासाठी अर्ज भरले गेले. पंप फुकट मिळाला तरी बॅटरीची निगा कोणी फुकट करून देत नाही. ऑरिकमध्ये विजेवरच्या गाड्यांचा कारखाना येणार म्हणून आपण चावडीवर गप्पा मारतो, आणि घरातल्या पंपाची बॅटरी गोठ्यात कुजते.

आता कात्री आणि ड्रिलचं. यांत लिथियम बॅटरी असते. एक लिथियम सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. पाच सेल जोडले की १८ व्होल्ट, भरल्यावर २१. म्हणून डब्यावर १८, २० किंवा २१ काहीही लिहिलेलं असो, पाच सेलच्या जोडणीत व्होल्टचा फरक नसतो. बाजारात ४८, ८८, ९८ असे आकडे छापलेल्या बॅटऱ्याही येतात. कित्येकदा आत तीच पाच सेलची जोडणी असते. आकड्याला भुलू नका, बॅटरी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. नेहमीचा गोल सेल ४५-५० ग्रॅमचा. दहा सेल म्हणजे नुसत्या सेलचंच वजन साडेचारशेच्या पुढे. बॅटरी ३०० ग्रॅमची भरली तर "दहा सेल आहेत" हे बोलणं खोटं.

काही सभासद म्हणतील, "साहेब, दोन एकरवाल्याने महाग वस्तू कुठून घ्यायची?" प्रश्न रास्त आहे. पण दोन एकरवाल्यालाच दर दोन वर्षांनी नवा पंप परवडत नाही. कात्री प्रत्येकाला लागतच नाही. सल काढायचं काम वर्षातून थोडे दिवस असतं. चार-पाच बागाईतदारांत एक चांगली कात्री आणि दोन बॅटऱ्या, किंवा कंपनीच्या अवजार बँकेतून भाड्याने, हे मला जास्त बरोबर वाटतं.

*खरेदीत या अटी असाव्यात असं माझं म्हणणं:*
१. कात्री, ड्रिल, कटर या सगळ्यांना एकच बॅटरी बसली पाहिजे. एकाची बंद पडली तर शेजाऱ्याची लावता येईल.
२. सुट्या बॅटरीचा भाव कोटेशनमध्ये लेखी पाहिजे, आणि ती बिडकीन नाहीतर संभाजीनगरात मिळाली पाहिजे.
३. बॅटरीची वॉरंटी वेगळी लिहून, पक्क्या बिलासह.
४. लिथियम बॅटरीसोबत तिचाच चार्जर. लेड-अ‍ॅसिडचा चार्जर लिथियमला लावला तर आग लागू शकते.

*घरी आजपासून करायचं:*
• फवारणी झाली की पंप त्याच रात्री चार्जिंगला. हंगाम संपल्यावरही महिन्यातून एकदा.
• लिथियम बॅटरी ठेवून द्यायची असेल तर अर्धी भरून, सावलीत. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली नको. गरम असताना चार्ज करू नका.
• फुगलेली किंवा जोरात आपटलेली बॅटरी वापरू नका. कडब्याजवळ किंवा उशाशी चार्जिंग नको.
• फांदी धरलेला हात कात्रीच्या पात्यापासून लांब. बॅटरी काढल्याशिवाय पातं साफ करू नका. तिला फांदी आणि बोट सारखंच.
• जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी घरी फोडू नका, आत शिसं आणि आम्ल असतं. नवी घेताना बदल्यात द्या, तिचे पैसे वजा होतात. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे. लिथियम तर चुलीत, उकिरड्यात अजिबात टाकू नका.

एक काम सगळ्यांनी करा. आज रात्री पंप पूर्ण चार्ज करा. उद्या नुसतं पाणी भरून चालवा आणि किती टाक्या निघतात ते मोजा. पंप किती वर्षांचा आणि टाक्या किती, एवढंच मला याच नंबरवर पाठवा. माझा अंदाज असा, की निम्म्या लोकांना नवा पंप लागणारच नाही, फक्त बॅटरी लागेल. अंदाज चुकला तर पुढच्या बैठकीत मी माझं म्हणणं मागे घेईन. पण मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

तुमचा,
कृषी सल्लागार, बिडकीन